टाकीचा थांबा

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही मोहिमेची आहे. भूगोलबाईंनी काल प्रत्येकाला एकेक दिली आणि बजावलं, "रोज कुठे गेलात, किती सह्या मिळाल्या, कोण काय म्हणालं, सगळं लिहायचं." प्रत्येकाला म्हणजे तिघांना. चौथी वही उरली, ती त्यांनी परत पिशवीत घातली. भूगोलबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बोलताना त्यांचा हात अजून भिंतीवरच्या नकाशाकडे जातो, भिंतीवर नकाशा नसला तरी.

मोहीम अशी. चार नंबरची ट्राम पाण्याच्या टाकीपाशी संपते. आमची वसाहत टाकीच्या पुढे अडीच किलोमीटर, टेकडीच्या मागे. टाकीपर्यंत न्यायला एक बस आहे, ती खाणीला वळसा घालून, प्रत्येक गल्लीत डोकावत, सावकाश जाते. ट्रामचे रूळ वसाहतीपर्यंत वाढवा, एवढंच मागणं. एप्रिलच्या सुरुवातीला सुनावणी आहे. त्याआधी दोन हजार सह्या हव्यात. नाहीतर पुढची संधी सहा वर्षांनी, आणि मी आत्ताच सदुसष्ट वर्षांचा आहे.

निवेदनातलं पहिलं वाक्य माझं. 'वसाहतीतून मोठ्या रुग्णालयात पोहोचायला आज दीड तास लागतो. ट्राम आल्यास बावीस मिनिटे लागतील.' भूगोलबाईंनी ते ठळक अक्षरांत घेतलं. "मोजलंय ना?" म्हणाल्या. म्हटलं, "मोजलंय." चौतीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगमध्ये काढलेल्या माणसाला असं विचारू नये.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या वाट्याला पूर्वेकडच्या सात गल्ल्या आल्या. आमचं सॉर्टिंग ऑफिस वसाहतीच्या तोंडाशीच होतं आणि या सात गल्ल्यांचे खण माझ्या बरोबर छातीच्या उंचीवर. कोणाला परगावाहून निळी पाकिटं यायची, कोणाची पत्रं पत्ता सापडत नाही म्हणून परत फिरायची, सगळं मला पाठ. माणसं मात्र कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या गल्लीत नऊ नंबरला दर आठवड्याला एक जाड पत्र यायचं. अक्षर असं वळणदार की मी मनातल्या मनात त्या घरात एक गाणारी बाई बसवली होती. आज दार उघडलं ते टक्कल पडलेल्या गृहस्थांनी, अंगात बनियन, दाढीला अर्धा साबण. पत्रांचं विचारलं तर म्हणाले, "ती होय? मेव्हण्याची. सतरा वर्षं वाद चालला होता आमचा." कशावरून, विचारलं. "आता आठवत नाही," म्हणाले आणि सही केली. गाणाऱ्या बाईला मी तिथेच निरोप दिला.

अकरा सह्या. पाय दुखत होते पण गल्ली पुरी केल्याशिवाय परतलो नाही. ती ऑफिसची सवय. हातात घेतलेला गठ्ठा संपल्याशिवाय सॉर्टर खुर्ची सोडत नाही. अर्धा गठ्ठा टेबलावर राहिला की दुसऱ्याच्या पत्रांत मिसळतो आणि कोणाचं तरी पत्र कायमचं हरवतं. छताला आग लागली तरी गठ्ठा संपवा आणि मग पळा, असं आमचे साहेब म्हणायचे. आम्ही हसायचो, पण उठायचं नाही म्हणजे नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारी अकराला लेकीचा फोन. ती रुग्णालयाच्या पुढे दोन थांब्यांवर राहते, नवरा आणि पाच वर्षांची चिमणी. मी मोहिमेचं सगळं सांगितलं. म्हटलं, "अगं, ट्राम झाली की तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत सव्वीस मिनिटं. चिमणीला घेऊन दर रविवारी येशील."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघू." तिचं 'बघू' अगदी तिच्या आईसारखं आहे. दार बंदही करत नाही, उघडतही नाही. मग चिमणी आली फोनवर आणि ट्रामला शिंगं असतात का विचारून गेली.

लेक इकडे येऊन सव्वा वर्ष झालं. मी तिला दोष देत नाही. लहान पोरीला घेऊन, वाहन बदलून, दीड तास कोण येईल? जिथे रूळ नाहीत तिथे नाती तरी किती धावणार? हे वाक्य निवेदनात घालावं काय असं वाटलं होतं. भूगोलबाई नको म्हणतील.

फोन सहा मिनिटांचा झाला. नंतर दिवसभर कोणाशी बोललो नाही. म्हणजे बोललो, गॅसच्या शेगडीला दोन शब्द सुनावले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सोळा सह्या. पाचव्या गल्लीतल्या एक बाई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला आहेत, रोज जातात. निवेदन वाचलं आणि म्हणाल्या, "दीड तास? छे हो काका. तासाच्या आत पोहोचते मी."

म्हटलं, "तुम्ही भराभर चालत असाल."

"चालायचं कुठे असतं त्यात? बसमध्ये बसायचं, टाकीला उतरायचं, ट्राममध्ये बसायचं."

रोज जाणाऱ्या माणसाला वेळ कमीच वाटतो, हे उघड आहे. त्यांनी सही मात्र केली, हसत हसत. "करा बाबा ट्राम. उभं राहून राहून पाय गेले माझे."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चार सह्या. आज सगळा दिवस कुलपांचा. काही दारांमागे माणसं होती, चाहूल लागत होती, पण उघडलं कोणी नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही उघडलं नसतं, असं मनाशी म्हटलं. पण ते खरं नाही. मी उघडलं असतं. मी आलेल्या माणसाला बसवून ठेवलं असतं.

घरी आल्यावर वाटलं, आपली तरी बेल चालते का? किती दिवसांत वाजलेली नाही. बाहेर जाऊन स्वतःच दाबली. चालते. आवाज आतून कसा येतो ते ऐकायचं राहिलं, कारण मी बाहेर होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेकीला सांगितलं की सह्या सहाशेच्या वर गेल्या. तिने निवेदन वाचून दाखवायला सांगितलं. पहिलं वाक्य वाचलं आणि ती मध्येच म्हणाली, "दीड तास?"

"हो."

"बाबा, मी तिथेच वाढले. अकरावीपासून रोज त्याच बसने येत-जात होते."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता रस्ते बघतेस ना."

"आई गेली त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणालात," ती म्हणाली, "दीड तास लागतो, काय करणार." मग चिमणीचं दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. दूध खरंच चाललं असेल उतू. पुढचं आज लिहीत नाही, ही वही मोहिमेची आहे.

२ मार्च, सोमवार

सातवी गल्ली, शेवटचं घर. पत्ता ओळखीचाच होता पण डोक्यात आलं नाही, आणि दार उघडलं ते डावऱ्याने. एकवीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला सॉर्टर. डाव्या हाताने पत्रं टाकायचा म्हणून डावरा. दोघांचे हात एकमेकांना लागायचे म्हणून आम्ही रोज भांडायचो. आता गुडघे गेलेत, घराबाहेर पडत नाही. किती वर्षांनी भेटलो, तो हात धरून आत घेऊन गेला.

दोन तास बसलो. सगळ्यांची उणीदुणी काढून झाली. मी जायला उठलो तेव्हा त्याने निवेदन डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग सही केली, डाव्या हाताने, आणि कागद माझ्याकडे देत म्हणाला, "मी म्हटलं होतं तुला, दे इकडे तो गठ्ठा. मी संपवतो."

"कुठला गठ्ठा?"

"बरं, राहू दे," म्हणाला.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, माझी टोपी त्याच्याकडेच राहिली. परत गेलो नाही. एक सही.

१० मार्च, मंगळवार

चौदाशे! भूगोलबाईंनी बैठकीत जाहीर केलं की त्यातल्या पाचशे बारा माझ्या. तिसरे सभासद, ते कुलपं दुरुस्त करणारे, त्यांनी टेबल वाजवलं. बैठकीनंतर बाई म्हणाल्या, "चला, समोर कॉफी घेऊ." मी म्हटलं, "नको, सह्यांची मांडणी करायची आहे." मी सह्या घरक्रमांकाने लावतो, हिच्या शिवणाच्या कपाटाला खण आहेत, त्यांत. बाई म्हणाल्या, "बरं." घरी येऊन मांडणी केली. अर्ध्या तासात झाली. मग काही सुचेना.

एवढ्या कौतुकाचं सांगायला कोणी हवं होतं. ही असती तर म्हणाली असती, "पाचशे घरी चहा प्यायलात म्हणजे, तोंड बघा कसं झालंय." मी तोंड आरशात पाहिलं. बरं होतं.

१९ मार्च, गुरुवार

भूगोलबाई स्वतः घरी आल्या. बेल वाजली तेव्हा क्षणभर कळलंच नाही कसला आवाज. ट्राम कंपनीच्या इंजिनीअरचं पत्र आलंय. त्यांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिवशी, चाळीस वेळा प्रवास करून मोजलं. वसाहत ते रुग्णालय, पन्नास मिनिटं. बस पंचवीस, टाकीपाशी थांबणं सात, ट्राम अठरा. ट्राम वाढवल्यास बावीस हे त्यांना मान्य. पण 'दीड तास' कशाच्या आधारावर, ते सुनावणीत सांगावं. मूळ विधान खोटं ठरल्यास निवेदन दाखल करून घेता येणार नाही.

"तुमच्याकडे मोजल्याची नोंद असेल ना?" बाई म्हणाल्या. "तारीख, वेळ?"

"आहे," म्हटलं.

"मग झालं तर." त्या बसल्या नाहीत. बसा म्हणायचं मलाही सुचलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

घड्याळ घेऊन बसथांब्यावर गेलो, स्वतः मोजायला. बस आली. चढलो नाही. दुसरी आली. तिच्यातही चढलो नाही. ड्रायव्हरने हात केला, मी हात केला. घरी आलो.

हा प्रवास मी तीन वर्षांत केलेला नाही. कामच पडलं नाही तिकडे.

२२ मार्च, रविवार

अकराला फोन आला नाही. बाराला मी केला, चिमणीने उचलला. आई केस धुतेय म्हणाली. मग विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे ट्राम नाही म्हणून तुम्ही येत नाही ना?" म्हटलं, "हो बाळा." म्हणाली, "आई म्हणते तसं नाही."

२३ मार्च, सोमवार

लिहून टाकतो. वही कोणाची का असेना.

ही रुग्णालयात होती, एकविसावा दिवस. लेक तिच्याजवळ. मी दर रविवारी जायचो, एरवी ड्यूटी. तो बुधवार होता. तीन दहाला ऑफिसात फोन आला, डावऱ्याने घेतला. म्हणाला, "लेक आहे तुझी. लगेच निघायला सांगतेय. आईने डोळे उघडलेत, तुझं विचारतेय." मी फोनवर गेलोही नाही. म्हटलं, "सांग, निघालोच." डावऱ्याने तसं सांगितलं.

हातात गठ्ठा होता. नुकताच सोडलेला, सहाशे-सातशे पत्रं असतील. डावरा म्हणाला, "दे इकडे." मी दिला नाही. त्याच्या डाव्या हाताने माझ्या खणांचा गोंधळ होतो, असं काहीतरी बोललो. मी पत्रं टाकत राहिलो. सव्वातीनची बस खिडकीतून जाताना मला दिसली. मी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं पत्र उचललं.

हे मी का केलं? नियम होता म्हणून, असं इतके दिवस म्हणत आलो. पण साहेब स्वतः समोर होते, ते "जा" म्हणाले असते. मला भीती वाटत होती. हातात पत्रं होती तोवर मी नेहमीसारखा कामावर होतो आणि ही नेहमीसारखी आजारी होती. गठ्ठा संपला की उठावं लागणार होतं. मी एकही पत्र चुकीच्या खणात टाकलं नाही. चौतीस वर्षांत इतकं सफाईदार काम मी केलं नसेल.

तीन पन्नासची बस मिळाली. चार चाळीसला वॉर्डात पोहोचलो. लेक दाराशी उभी होती. चार वीसला गेली, म्हणाली. मी म्हटलं, "दीड तास लागतो तिथून, काय करणार." आधी ते तोंडातून गेलं आणि मग मी ते धरूनच बसलो. इतकं की ते मला खरं वाटायला लागलं. तीन दहा ते चार चाळीस म्हणजे दीड तासच की. त्यातली चाळीस मिनिटं बसच्या आणि ट्रामच्या माथी मारली, एवढंच.

आणि ते वाक्य ठळक अक्षरांत, त्याखाली लोकांच्या सह्या.

२५ मार्च, बुधवार

भूगोलबाईंना जाऊन सांगितलं. सगळं. त्या खुर्चीवर सरळ बसून ऐकत होत्या, वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराचं ऐकावं तशा. संपल्यावर म्हणाल्या, "एकोणीसशे लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून सही केलीय. धुलाईखान्यातल्या बाईने, त्या डावऱ्याने. आता पुन्हा सह्या घ्यायला नऊ दिवस आहेत. होणार आहे का?"

"नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला. मोजलंय ना म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मोहीम सोडतो, माझं नाव काढून टाका. त्यावर मात्र त्या चिडल्या. "सोडून कुठे जाताय? वाक्य तुमचं आहे. सुनावणीत तुम्हीच उभे राहा आणि काय ते सांगा. निवेदन बुडलं तर तुमच्या तोंडून बुडू दे." मग दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "जेवलात का?" मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

३० मार्च, सोमवार

सह्या दोन हजार अकरा. कसला आनंद नाही. आरशासमोर बोलायचा सराव केला. तीन मिनिटं मिळतात प्रत्येकाला. माझं वीस सेकंदांत आटोपतं आणि मग मी घड्याळाकडे बघत बसतो.

३ एप्रिल, शुक्रवार

सुनावणी झाली. सभागृहात शंभर खुर्च्या, माणसं चाळीस. समोर लांब टेबल, मध्ये अध्यक्षीणबाई, डाव्या हाताला इंजिनीअर. चांगला माणूस वाटला, चष्मा सारखा पुसत होता. धुलाईखान्यातल्या बाई आल्या होत्या. आणि दुसऱ्या रांगेत डावरा! भाच्याच्या खांद्यावर हात टाकून आला होता, मांडीवर माझी टोपी.

माझं नाव पुकारलं. इंजिनीअरने विचारलं, "निवेदनात दीड तास म्हटलंय. आधार काय?"

मी म्हटलं, "साहेब, ते चुकीचं आहे. तुमची पन्नास मिनिटं बरोबर आहेत. दीड तास एकदाच लागला, एका माणसाला, आणि तो मी. बायको जाणार होती, फोन आला, तरी मी हातातली पत्रं संपवत बसलो. चाळीस मिनिटं. ती मी आजवर तुमच्या बसच्या नावावर खपवली. ती परत घेतो."

अध्यक्षीणबाईंनी लिहायचं थांबवलं. माझे वीस सेकंद संपले होते, पण मी खाली बसलो नाही.

"पण आणखी एक सांगतो. तुमच्या पन्नास मिनिटांत वेळेवर निघणारा माणूस धरलाय. मी तीन पन्नासला निघालो. ती चार वीसला गेली. ट्राम असती तर बावीस मिनिटांत, म्हणजे चार बाराला पोहोचलो असतो. एवढा मूर्खपणा करूनही आठ मिनिटं मिळाली असती. जे ट्रामजवळ राहतात त्यांना मूर्खपणा परवडतो. टेकडीमागे राहणाऱ्यांना परवडत नाही. माणसं काही सगळी वेळेवर उठणारी नसतात, साहेब. झालं माझं."

तीन मिनिटांची घंटा वाजलीच नाही. इंजिनीअरने चष्मा पुसला आणि विचारलं, "मग दीड तासाच्या जागी पन्नास मिनिटं करू? दुरुस्ती तुमच्या नावाने नोंदवावी लागेल."

"करा," म्हटलं. त्यांनी दोन जाड रेघा मारल्या आणि मी शेजारी सही केली. मोहिमेतली माझी स्वतःची ही पहिलीच सही. निवेदनावर करायची राहूनच गेली होती.

मी स्वतःच दुरुस्ती केली म्हणून अध्यक्षीणबाईंनी निवेदन दाखल करून घेतलं. मार्गाची पाहणी सुरू करायला मंजुरी. रूळ पडायला चार वर्षं तरी लागतील, तेही सगळं नीट झालं तर. भूगोलबाईंनी बाहेर पायऱ्यांवर पिशवीतून ती उरलेली चौथी वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आता दर गुरुवारी बैठक. सह्या झाल्या, निवेदन गेलं, आता दर आठवड्याला बैठक कशासाठी, ते काही कळलं नाही. येतो म्हटलं.

डावऱ्याने टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, डाव्या हाताने, वाकडी.

५ एप्रिल, रविवार

अकराच्या फोनची वाट पाहिली नाही. नऊ पंधराची बस पकडली. लेकीला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर 'बघू' म्हणाली असती.

बस पंचवीस मिनिटं. टाकीपाशी सहा. ट्राम अठरा, पुढचे दोन थांबे चार. एकूण त्रेपन्न. तिच्या इमारतीला रंग नवा दिलाय, मी आधीचाच शोधत होतो. बेल दाबली.

लेकीने दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "बाबा? काय झालं?"

"काही नाही. आलो."

चिमणी मागून धावत आली. "ट्राम झाली?"

"नाही."

"मग कसे आलात?"

"बसने. आणि तुमच्या ट्रामने."

तिला ते पटलं नसावं. लेक ओट्याकडे वळली आणि उगाच भांडी सरकवायला लागली.

जेवणानंतर चिमणी झोपली, जावई बाहेर गेले. लेक भांडी घासत होती, मी पुसून ठेवत होतो. पाठमोऱ्या तिला मी सगळं सांगितलं. गठ्ठा, डावरा, खिडकीतून गेलेली बस. वहीत लिहिल्यामुळे असेल, क्रमाने सांगता आलं.

ती म्हणाली, "माहीत होतं मला."

"कसं?"

"बाबा, तीन दहा आणि चार चाळीस. मला वजाबाकी येते. फक्त तुम्ही काय करत होतात ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, यायचंच नव्हतं तुम्हाला." नळ चालूच होता, तो तिने बंद केला. "आणि दर वेळी तुम्ही बसला दोष द्यायचात, तेव्हा मला वाटायचं, आता जायचं कशाला तिथे. तेच ऐकायला?"

मी ताट पुसत होतो. पुसून झालं होतं तरी पुसत होतो.

मग ती म्हणाली, "आई सारखी विचारत होती. निघाले का? मी सांगितलं, निघाले. मग थोड्या वेळाने, कुठवर आले? मी म्हटलं, बस खाणीपाशी असेल. ती डोळे मिटून पडायची आणि परत विचारायची. तिला सगळा रस्ता पाठ होता ना. मी आपली एकेक थांबा पुढे नेत होते तुम्हाला. शेवटी म्हणाली, आता कुठवर? मला पुढे न्यायचं धाडसच होईना, तुम्ही दारात दिसत नव्हता. मी म्हटलं, टाकीला उतरले. ट्रामची वाट बघतायत. ती म्हणाली, बरं, मग आलेच. बस्स, तेवढंच." ती ओल्या हातांनी डोळे पुसायला लागली. "खोटं बोलले मी तिच्याशी. शेवटचं बोलले ते खोटंच."

मी ताट खाली ठेवलं. तीन पन्नासची बस, पंचवीस मिनिटं. चार पंधराला टाकी. ट्राम आली चार बावीसला. हे आकडे मला मुद्दाम आठवावे लागले नाहीत.

"अगं, नाही," म्हटलं. "चार वीसला मी टाकीपाशीच उभा होतो. ट्रामची वाट बघत."

मग तिने माझा हात धरला, साबणाच्या हाताने, आणि आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्या उभ्या रडलो. चिमणी उठून दाराशी आलेली आम्हाला दिसलीच नाही.

निघताना लेक म्हणाली, "पुढच्या रविवारी आम्ही येतो." बघू म्हणाली नाही.

येताना टाकीला उतरलो. बस समोर उभीच होती, इंजिन चालू. ड्रायव्हरने ओळखून हात केला. मी ती जाऊ दिली. दुसरी येईपर्यंत पस्तीस मिनिटं थांब्याच्या बाकावर बसून राहिलो, आणि हे तिथेच लिहिलं.